फाटकापर्यंतची सूट

३ जानेवारी

नोंद व्हावी, की आज सकाळी माझ्या चहातलं दूध कोणतीही पूर्वसूचना न देता काढून घेण्यात आलं. त्याजागी ओट्सचं पाणी. रंग पावसाळी डबक्याचा, चव ओल्या पुठ्ठ्याची. माणसाने किती सोसायचं!

ताई माझ्याकडे राहायला आली त्याला महिना होईल. खेळाची शिक्षिका म्हणून निवृत्त. एक गुडघा गेलेला, तत्त्वं मात्र शाबूत. व्हीगन झाली आहे. दूध नाही, मध नाही, चामडं नाही. माझा पट्टाही घराबाहेर गेला. पँट सध्या निव्वळ नीतिमत्तेवर टिकून आहे.

"गाईला तू विचारलं होतंस का?" म्हणे.

म्हटलं, ओट्सना विचारलं होतंस?

"आचरटपणा पेपरात लिही. पैसे तरी मिळतात."

८ जानेवारी

साहेबाने पायपुसण्यावर चिमणी आणून ठेवली. बरोब्बर मधोमध, चोच घराकडे. साहेब म्हणजे आमचा बोका. मागे बंद पडलेला कारखाना आहे, तिथल्या रानात शिकार करायची आणि आम्हाला नजराणा आणून द्यायचा, ही त्याची जुनी पद्धत. मी शाबासकी देतो.

ताईने चिमणी ओंजळीत घेतली. तिची पिसं सारखी केली. मग — "तिला संधीच मिळाली नाही रे."

म्हटलं, निसर्ग आहे तो.

"वर्गातला दांडगट मुलगा बारक्याला बडवतो तेसुद्धा निसर्गच. मी काय शिट्टी खिशात ठेवून बघत बसायचं?"

ह्याचं चोख उत्तर मला उद्या सुचेल, तेव्हा ती झोपलेली असेल.

९ जानेवारी

उंदीर ज्यासाठी जन्मभर बैठका घेतात ते काम ताईने सकाळी एका मिनिटात उरकलं. साहेबाच्या गळ्यात फीत, फितीला पितळी घुंगरू. "त्याचं धावणं काढून घेत नाही. चिमणीला थोडी सूट देते, एवढंच."

शाळेच्या शर्यतीत ती हेच करायची. बारक्या पोरांना चार पावलं पुढे उभं करायची. पालक भांडायला यायचे, ही ढिम्म.

मी म्हणालो, चिमणी अळ्या खाते. अळीच्या शत्रूला घुंगरू कधी?

"एकेक करून."

आणि वाघ?

"माझ्या अंगणात आला की त्यालाही बांधीन."

हसलो. अजून हसू येतंय. लेखात घालावं.

१३ जानेवारी

घातलं. वाचकांची पत्रं आली, खूप हसले म्हणे. साहेब त्याच्या वाटीतल्या उकडलेल्या डाळीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. मी पेपर वर धरतो.

१७ जानेवारी

साहेब घुंगरू न वाजवता चालायला शिकला! आज दुपारी खुर्चीच्या मागे होता, मला पत्ता नाही. मान ताठ, पाऊल असं टाकतो जणू जमीन झोपली आहे. तरी पायपुसण्यावर काही नाही. शिकार करत नाही. नुसता भिंतीवर बसून रानाकडे बघतो.

म्हणजे तो चिमण्यांसाठी गप्प चालत नव्हता. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रानात पाखरंही नाहीत. कधीपासून नाहीत?

१९ जानेवारी

संध्याकाळी भिंतीपलीकडे घुंगरू एकदा जोरात वाजलं. मग नाही.

२० जानेवारी

साहेब आला नाही.

२१ जानेवारी

घुंगरू वाजलं. भर दुपारी, रानात. सावकाश. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. ताई धावली — म्हणजे लंगडली — मागच्या फाटकाशी. "साहेब! ये रे राजा!"

आवाज थांबला. मग आमच्या दिशेने आला.

मी तिला दंडाला धरून आत ओढलं. ती चिडली. तिला कसं सांगू? घुंगरू जमिनीलगत वाजत नव्हतं. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर वाजत होतं.

२२ जानेवारी

वनखात्यात फोन. "दिसलं का काका?" नाही, ऐकलं. "ऐकलेल्याला पिंजरा लावता येत नाही. दिसलं की कळवा."

म्हटलं, दिसल्यावर कळवायला मी उरलो तर!

तो खूप हसला. माझे वाचक असेच हसतात वाटतं.

२४ जानेवारी

सकाळी दार उघडलं. पायपुसण्यावर घुंगरू. बरोब्बर मधोमध. फीत तुटलेली, पितळ चाटूनपुसून लख्ख.

साहेबाची जागा. साहेबाची पद्धत. पण साहेबाचा मागमूस नाही.

ताई ते हातात घेऊन पायरीवर बसली. "मी चिमणीला सूट दिली. साहेबाला सूट कोण देणार होतं, हा विचारच केला नाही. आवाज बांधून त्याला रानात सोडलं."

ह्यावर मला एक चांगला विनोद सुचला होता. गिळला.

२५ जानेवारी

रानात आता काही वाजत नाही. हे जास्त वाईट आहे. इतके दिवस ते कुठे आहे ते कळत तरी होतं. आता घुंगरू आमच्याकडे, आणि आम्ही कुठे आहोत हे त्याला ठाऊक.

ताई संध्याकाळी फाटकाशी उभी राहून घुंगरू वाजवते. "ओळखीचा आवाज आहे. जिवंत असला तर येईल." आज ती वाजवत असताना पलीकडचं गवत हललं. वारा नव्हता. ती डावीकडे सरकली, तर गवतही डावीकडे.

२६ जानेवारी

साहेब ओरडतोय! कारखान्याच्या आतून, बारीक, अडकल्यासारखा. ताई म्हणते तोच. मला शपथेवर सांगता येणार नाही. "उद्या उजेड असेतो मी आत जाणार." म्हटलं, तुझा गुडघा? चार पावलं पळता येत नाही तुला! "म्हणून त्याला तिथेच ठेवू?"

लहानपणी आम्ही पकडापकडी खेळायचो. ती सहा वर्षांनी मोठी. "तू बारका, तू फाटकापर्यंत पुढे जा, मग मी निघते." एकदाही पकडला गेलो नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं, मी वेगवान आहे.

२७ जानेवारी

ऊन उतरतंय. ताई बूट शोधते आहे. एक मी टाकीमागे ठेवलाय, सापडेल तिला, पण वेळ लागेल. तिला थांबवणं मला जन्मात जमलं नाही. पुढे जाणं तेवढं जमतं.

साहेब अजून ओरडतोय. ते जे काही आहे ते आवाजाकडे वळतं. घुंगरू मी माझ्या मनगटाला घट्ट बांधलंय. कारखान्याच्या त्या टोकापर्यंत वाजवत जाणार, म्हणजे आतला रस्ता तिला मोकळा मिळेल.

ह्या खेपेला बारकी ती.