अंगावर सूत नसलेला हर्क्युलीस

सिस्टर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही, म्हणून मस्कतला मुलाच्या घरी बसून लिहिते आहे.

कॉन्व्हेंट शाळेत इतिहासाच्या तासाला तुम्ही एक पुस्तक आणलं होतंत. त्यात ब्राँझच्या छोट्या मूर्तींची चित्रं होती. चार-पाचशे वर्षांपूर्वी इटलीतले श्रीमंत, शिकलेले लोक जुन्या ग्रीक कथांतल्या देवांच्या, वीरांच्या अशा मूर्ती ओतवून घेत आणि वाचायच्या टेबलावर ठेवत. पूजेसाठी नव्हे, हातात घेऊन, फिरवून बघायला. आधी मेणाची मूर्ती, मग मेण वितळवून त्या जागी ओतलेला धातू, हे सांगताना तुमचा चेहरा उजळला होता. आणि चित्रातल्या प्रत्येक वीराच्या कमरेवर तुम्ही तपकिरी कागद चिकटवलेला. मी विचारलं, "सिस्टर, सगळ्यांना एकाच जागी लागलंय का?" वर्ग हसला. "हात पुढे कर," तुम्ही फूटपट्टी उचलून म्हणालात. पट्टी खाऊन मी वर म्हटलं, "आता दुसरा घ्या." तुम्ही तोही घेतलात.

इथल्याच कुरुम भागातल्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा आमच्या इटालियन साहेबांनी मला तसलीच एक मूर्ती दिली. नक्कलच आहे, पण जड, काळपट, मुठीत नीट बसणारी. हर्क्युलीसने एका राक्षसाला उचलून आवळलं आहे. राक्षसाला ताकद जमिनीतून मिळते. पाय सुटले की तो संपला. दोघांच्याही अंगावर सूत नाही. ती मी दिवाणखान्यात ठेवली.

गेल्या आठवड्यात घरी रोझरीची प्रार्थना होती. मुलगा म्हणतो, "मम्मी, हे दोघे नागडे आत ठेव ना. फादर येतायत."

"फादर काय कपडे घालून आंघोळ करतात?"

"मम्मी, प्लीज. लोकांसमोर इश्यू नको."

घर त्याचं, व्हिसाही त्याच्याच जोरावर. मूर्ती उचलून मी माझ्या खोलीत नेली. राग मात्र तुमचा आला. तुम्हाला त्या मूर्ती मनापासून आवडत होत्या, ते मला तेव्हाही दिसलं होतं. मग आम्हाला लाज कशाला शिकवलीत?

दुसऱ्या दिवशी मुलगाच माझ्या दारात येऊन उभा. "आण ती बाहेर. तुझी वस्तू आहे, आता कोणी आलं तरी हलवायची नाही. खलास." म्हणजे मी जिंकले. तरी ती अजून माझ्याच खोलीत आहे. मुलाला वाटतं, मी रुसले आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते: मूर्ती बाहेर होती तेव्हा पाहुणे आले, की मी तिच्याकडे पाठ करून बसत असे.