एकाच बाजूने पाहिलेला खडा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा खड्यांना पैलू पाडण्याचा. डोळे अधू, हात थोडे कापरे, डोके मात्र ठिकाणावर. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, तर राजीखुशीने हे मृत्युपत्र करत आहे. यापूर्वीचे सर्व कागद रद्द समजावेत. मी लग्न केले नाही, त्यामुळे वारसांची भांडणे होणार नाहीत. माझ्या माणसांची एवढीच सोय मी करू शकलो.

१. घराचा माझा अर्धा हिस्सा माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला. दुसरा अर्धा तिचाच आहे. ती वर राहते, मी खाली. जन्मभर तिने टेलिफोन खात्यात नोकरी केली; लग्न तिनेही केले नाही. बँकेत जे असेल तेही तिचेच. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, हे पुढे येणाऱ्या भाडेकरूला आधीच सांगावे.

२. माझ्या संग्रहातले त्रेचाळीस पेरिडॉट, ज्या शाळेत मी पारख शिकवली त्या शाळेला. अटी अशा : प्रत्येक खडा आपापल्या पुडीत राहील. नीलम, पुष्कराज यांच्या डबीत टाकू नये. ते कठीण, हा मऊ, लगेच ओरखडे येतात. धुवायचा तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. वाफ नाही, कंपनाचे यंत्र नाही, आम्ल तर नाहीच. अंगठी डाग देऊन सांधायची असेल तर खडा आधी काढून घ्यावा. एकदम तापला की तडकतो. सगळे हिरवेच आहेत म्हणून विद्यार्थी कंटाळतील. त्यांना सांगावे, ह्या खड्याला दुसरा रंग नाही, बघायचे ते हिरव्यातच बघा.

३. पैलू घासायच्या चकत्या, चिमटे आणि दिवा माझ्या जुन्या भागीदाराला. सोबत एका पेरिडॉटचे दोन तुकडे. ‘काही होत नाही हो, तुम्ही फार भित्रे,’ असे म्हणत त्यानेच तो कंपनाच्या यंत्रात टाकला होता. आता जोडून बघावा.

४. चव्वेचाळिसावा खडा.

मी तेवीस वर्षांचा होतो, भिंग नवे होते. ताईला एका घड्याळजीने अंगठी दिली, हिरव्या खड्याची. तिने ती कौतुकाने माझ्यासमोर धरली. पेरिडॉटमधून आरपार पाहिले की तळाच्या पैलूंच्या कडा जोडीने दिसतात. काचेत एकच दिसते. मला एकच दिसली. घड्याळजी समोर बसलेला असताना मी म्हणालो, ‘काच आहे. फसवलंय तुला.’

तो वाद घालू शकला असता. ‘यांना कळतं, मला कळत नाही,’ एवढे बोलून तो उठला. दुकानदाराने आपल्याला गंडवले, असे त्यालाही वाटले असावे. पुन्हा आला नाही. ताईने अंगठी माझ्याकडे दिली : ‘काच तर काच, पण टाकू नकोस.’

अकरा वर्षांपूर्वी कप्पा आवरताना ती हाती लागली. सहज कलवून पाहिली, आणि कडा जोडीने दिसल्या. ठरावीक दिशांनी पाहिले तर पेरिडॉटमध्येही कड एकच दिसते. म्हणून खडा फिरवून पाहायचा असतो. हे मी शेकडो विद्यार्थ्यांना शिकवले होते. ताईला सांगितले नाही. रोज सकाळी ती चहा घेऊन खाली यायची, आम्ही बोलायचो. बोलायला मला तेवढे एकच माणूस होते.

ही कबुली या कलमात लिहून ठेवायची, आणि वकिलांनी ती मागाहून तिला वाचून दाखवायची, असा माझा बेत होता. वकील म्हणाले, ‘काका, मृत्युपत्राने मालमत्ता देता येते. माफी मागता येत नाही.’

म्हणून परवा सकाळी चहाच्या वेळी भिंग तिच्या हाती दिले. खडा कसा कलवायचा ते दाखवले.

‘दोन-दोन रेघा दिसतात रे.’

‘हो ताई. काच नाही. माझं चुकलं.’

तिने खडा पुन्हा कलवून पाहिला. ‘तुला कधी कळलं?’

‘अकरा वर्षं झाली.’

तिने भिंग खाली ठेवले. ‘तेविसाव्या वर्षाचं शहाणपण होतं तुझं, ते मी कधीच सोडून दिलंय. पण तो वारला त्याला चार वर्षं झाली. म्हणजे सात वर्षं तुझ्या हातात होती. एवढं तरी सांगायचंस त्याला, की तू फसला नव्हतास.’

मी अंगठी उचलली.

‘त्याची मुलगी चालवते ना दुकान? तिला नेऊन दे. आजच. तुझ्या मरणाची वाट तिने का बघायची?’

दिली. मुलीने ऐकून घेतले. ‘बाबा घड्याळ सोडून दुसरं काही विकत घ्यायचेच नाहीत,’ म्हणाली. ‘मला काही कळत नाही, म्हणायचे.’ सबब तो खडा या मृत्युपत्रात नाही.

५. परत आलो तेव्हा जिन्याच्या दाराला वरून कडी होती. काल चहा आला नाही, आजही नाही. माझी तक्रार नाही. मी गेल्यावर कोणीही ते दार ठोठावू नये. ‘शेवटचं बघून घ्या’ असे तिला म्हणू नये. ती आपण होऊन खाली आलीच, तर तिला खुर्ची द्यावी आणि सगळ्यांनी बाहेर थांबावे.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमक्ष सही केली.

सही : पैलू पाडणारा
साक्षीदार : १. घरचे डॉक्टर २. शेजारचे शिंपी
ठिकाण : राहते घर, खालचा मजला
दिनांक : ११ फेब्रुवारी