तारखांची जागा

प्रिय आईला थोरल्याचा प्रभूमध्ये सलाम,

मी मजेत आहे, कारखाना जोरात चाललाय. तुझा खोकला कसा आहे? धाकटी फोनवर "बरी आहे" म्हणते, पण मागून तुझी ढास मला ऐकू येते.

आम्ही कबरींचे दगड घडवणारे. परवा चर्चसाठी प्रभूचं नाव कोरलं आणि सवयीने खाली जन्म-मृत्यूच्या तारखांना जागा सोडली. पाळक हसले, "अहो मिस्त्री, हा सृष्टीच्या आधीपासून आहे, मरणातूनही तिसऱ्या दिवशी उठला. तारखा कुठल्या घालताय?" मीही हसलो. मग बाबांचा दगड आठवला. घडवला मीच, पण पोचलो उशिरा.

प्रभू युगानुयुग राहील, आई, त्याची मला काळजी नाही. तू मात्र माझ्यासाठी थांब. रविवारी निघतोय.

तुझा थोरला