सोलोंगोचं पांघरूण

उलानबातर

आई,
ओयुनचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा खोकला कमी झाला का? मेंढ्यांना चारा पुरतोय ना?

बसचे पैसे वाचतील म्हणून गानादादाने आमच्या गळ्यात मारलेली ती जुनी गाडी अजून आहे. आम्ही कमावतो आणि ती खाते. "एका जपानी म्हातारीने नुसती देवळात जायला वापरली आहे," असं दादा म्हणाला होता. इथला मेकॅनिक इंजिन बघून म्हणाला, "वहिनी, त्या म्हातारीचं देऊळ फारच लांब होतं हो!" प्रवास सुखाचा व्हावा म्हणून तू चाकांवर दूध शिंपडलंस, ते चहात तरी घालायचं होतंस.

तू नातीसाठी पाठवलेलं लोकरीचं पांघरूण मिळालं. उबदार आहे का, असं विचारलं आहेस. खूप उबदार आहे. रोज संध्याकाळी जावई ते इंजिनावर घालतात, म्हणून तर या थंडीत सकाळी गाडी सुरू होते आणि ते कामावर पोचतात. सोलोंगो माझ्या कोटात झोपते.

तुझे डोळे अधू झाल्यापासून माझी पत्रं दादाच तुला वाचून दाखवतो. दादा, वरचं पांघरुणाचं गाळलं असशील, तर आता परत वाच. मोठ्याने.

तुझी,
ओयुन