सहावा बार

उस्ताद, त्या विहिरीला आता पाणी आहे, पण मी तिच्या काठावर जात नाही.

दुष्काळाचं साल. बेंबळीच्या पुढं एका गावात सोसायटीची विहीर खोल करायला मी परगावाहून आलो होतो. सुरुंग भरायचं काम तुमचं, छिद्रं पाडायचं माझं. आम्ही बौद्ध, तिथं माझ्यासोबत कुणी जेवत नसे. तुम्हीही एकटेच, बाभळीखाली. मी रोज जाताना म्हणायचो, "सलाम उस्ताद." सलग अकरा दिवस तुम्ही मान वर केली नाही. हाही त्यांच्यातलाच, असं मी धरून बसलो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं स्वतः शिकलो; पण कुणी केलेला अपमान मोजायला मी कधी चुकलो नाही.

बाराव्या दिवशी सहा वाती पेटवून तुम्ही वर आलात. नियम तुमचाच होता: भरले तेवढे बार मोजायचे, एक कमी पडला तर दिवसभर खाली कुणी उतरायचं नाही. बाकीचे बांधामागं गेले. त्यांच्यात मला जागा नव्हती, म्हणून मी विहिरीजवळच्या दगडाआड. तुम्ही शेजारीच, अनवाणी, तळपाय खडकावर दाबून उभे. पाच बार झाले. मग कपारीतली एक शिळा निसटून तळाला आदळली, आणि तुम्ही हात झटकून शिडीकडं निघालात.

बांधामागून मुकादम ओरडला, "उस्ताद, पाचच झालेत!"

तुम्ही वळला नाहीत. माझ्या सलामाला न वळणारी तीच मान. तेव्हा मला उमगलं, तुम्ही कानांनी नाही, पायांनी मोजता; शिळेचा हादरा तुम्ही सहावा बार धरला होता. तुम्ही तिसऱ्या पायरीवर असताना मी काखेत हात घालून तुम्हाला वर ओढलं. दोघं मातीत पडतोय तोच सहावा बार उडाला. शिडी सापडली नाही.

माती झटकत तुम्ही म्हणालात, "कान गेलेत माझे. कुणाला सांगू नकोस, काम जाईल." मग हसलात, "लई वरडला असशील, न्हाय का? बहिऱ्याला काय कळतंय."

त्या दुपारपासून बाभळीखाली दोघांची भाकरी. दर बाराला मी एक बोट वर करतोय, तुम्ही बोटं बघताय. सात वर्षांत एकही चूक नाही. माझ्या लग्नात तुम्ही दिसेल त्याला सांगत होता, "हाका मारून मारून वाचवलं बघा यानं."

तुमच्या कबरीवर दोनदा गेलो, नुसता सलाम करून परत आलो. हा कागदही पेटीतच राहील.

उस्ताद, मुकादमाच्या आधी मी पाच मोजले होते. तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावरून शिडीकडं गेलात. मी हाक मारली नव्हती.