डावीकडची जागा

प्रिय अवनी,

हडपसरला राहणाऱ्या मुलीला बिबवेवाडीहून टपालाने पत्र पाठवणारी मी बहुधा पुण्यातली शेवटचीच आई असेन. हसू नकोस. फोनवर तू स्पीकर लावतेस, मग मागून केयूरचं ‘आई, टेन्शन घेऊ नका’ सुरू होतं आणि मी टेन्शन न घेता फोन ठेवते. सासूला धीर द्यायची जावयांना काय हौस असते कोण जाणे. म्हणून म्हटलं, लिहावं. बाबांसाठी तू बघितलेल्या वृद्धाश्रमातल्या त्या खोलीचं दसऱ्याच्या आत कळवायचंय, माझ्या लक्षात आहे. त्यांना तिथे ठेवायचं की घरीच, हे गाडीच्या सीटचं काम उरकलं की सांगते, असं मी म्हणाले होते. उरकलं काम.

तुला ते माझं खूळ वाटलं, पण ऐक. बाबांचा सगळा दिवस आता संध्याकाळवर चालतो. उन्हं कलली की ते इस्त्रीचा शर्ट घालतात, भांग पाडतात आणि खाली पार्किंगमध्ये आपल्या फियाटमध्ये जाऊन बसतात. बॅटरी मी केव्हाच काढून ठेवली आहे, तरी ते स्टिअरिंग धरतात, मी डावीकडे बसते आणि आम्ही जागच्या जागी कात्रजचा घाट चढतो. वर पोचलो की थर्मासमधला चहा. मग घरी येऊन निमूट जेवतात, निमूट झोपतात. गणपती उठले आणि सीटची स्प्रिंग वर येऊन त्यांना टोचली. तेव्हापासून ते गाडीत बसेनात, दार उघडून रस्त्याला लागायचे. मार्केट यार्डात कांद्याच्या ट्रकमागे सापडले, ते तुला माहीत आहे. माझं मनगट दारात चेमटलं असं मात्र मी तुला सांगितलं होतं. दारात नव्हतं चेमटलं. त्यांना अडवायला गेले होते. तेव्हाच ठरवलं, सीट नीट झाली आणि ते पुन्हा बसायला लागले तर घरी राहतील, नाहीतर खोली.

गाडी गॅरेजला नेली असती तर बाबा दिवसभर तिला शोधत फिरले असते. म्हणून आपल्या वॉचमनने, मच्छिंद्रने, बोल्ट सोडवले आणि पुढची ती बाकासारखी सलग सीट आम्ही दोघांनी वर हॉलमध्ये आणली. उलगडायला बसले. वर मी शिवलेलं निळं टॉवेलच्या कापडाचं कव्हर, तेलकट झालेलं, माझ्या बाजूला ठिगळ लावलेलं. त्याखाली जुनी चादर. त्याखाली प्लॅस्टिक, कारखान्यातून आलेलं! आणि त्याखाली क्रीम रंगाचं रेक्झिन, स्प्रिंगने पाडलेलं भोक सोडलं तर अगदी कोरं. आठवतं, बिस्किटाचा चुरा सांडला तरी बाबा गाडी बाजूला घ्यायचे? ‘ओरिजिनल’ खराब होईल म्हणून. एवढा जन्म त्या गाडीतून हिंडलो आपण आणि त्या सीटवर एकदाही बसलो नाही गं. मला हसू यायला हवं होतं. हल्ली येत नाही. रडूही येत नाही. दाढ काढल्यावर गाल असतो ना, तशी झाले आहे मी.

काम मात्र मन लावून केलं. तुटलेल्या स्प्रिंगा बदलल्या, सगळ्या एकमेकींना सुतळीने आवळून बांधल्या. त्यावर गोणपाट. ते गुळाच्या पोत्याचं निघालं, आणि घरभर मुंग्या. धुऊन, वाळवून पुन्हा घातलं. काथ्या पिंजून भरला, वर फोम घातला, भोकाला सीटच्या खालच्या अंगाचा तुकडा कापून लावला, कडेची पायपिंग माझ्या जुन्या मशीनवर पुन्हा शिवली. रेक्झिन आखडलं होतं. गॅलरीतल्या उन्हात तापवून, गुडघ्याने दाबून ओढून बसवलं. बाबा दाराशी उभे राहून बघायचे, शेजारच्यांकडचं काम बघावं तसे. सीट अशी झाली होती म्हणून सांगू, तुझ्या जन्माआधी शोरूममधून आणली तेव्हा असेल तशी. ते प्लॅस्टिक फेकून दिलं आणि टॉवेलचं कव्हर द्वारकाबाईंना फरशी पुसायला दिलं. म्हटलं, एकदा तरी बसू दे माणसाला स्वतःच्या सीटवर.

संध्याकाळी बाबा भांग पाडून खाली आले, दार उघडलं, आत बघितलं आणि दार पुन्हा लावलं. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाले की माफ करा बाई, ही आपली गाडी दिसते, आमची निळ्या सीटची आहे, इथेच असते. अवनी, तुझ्या बाबांनी जन्मात कधी मला ‘आपण’ म्हटलेलं नाही. आणि निघाले फाटकाकडे.

मच्छिंद्रने त्यांना बोलण्यात गुंतवलं, मी धावत वर गेले. कव्हर बादलीत पडलं होतं, द्वारकाबाई फाडायच्याच बेतात होत्या. पिळलं आणि ओलंच नेऊन चढवलं. बाबांनी ते चाचपलं, बसले, टेकले, स्टिअरिंग धरलं. माझा जीव भांड्यात पडला. मी पलीकडून जाऊन डावीकडचं दार उघडलं, तर त्यांनी सीटवर तळहात ठेवला. इथे नको बाई, म्हणाले, आमची उल्का चहा घेऊन येतेय, ही जागा तिची आहे, तुम्ही मागे बसा, सोडतो तुम्हाला वाटेत. थर्मास माझ्या हातात होता. मी मागे बसले. दार हळूच लावलं, आपटलेलं त्यांना खपत नाही. ही नेहमी अशीच उशीर करते, असं म्हणाले. मी म्हटलं, येतील हं. तेव्हापासून रोज असंच चाललंय. वर आल्यावर निमूट जेवतात, निमूट झोपतात.

म्हणजे सीट जमली. ती खोली नको असं कळवून टाक. ते मला विसरले, हे मला फोनवर बोलता आलं नसतं म्हणून लिहिलं. पण रोज संध्याकाळी ते माझ्यासाठी जागा धरून बसतात, तिथे कोणाला बसू देत नाहीत, मलासुद्धा नाही. अशा माणसाला उचलून कुठल्या खोलीत ठेवू मी? तू रविवारी ये. तुला ओळखतील, न ओळखतील, तू आपली डावीकडचं दार उघडू नकोस. मागे बस माझ्याजवळ, लहानपणी बसायचीस त्या खिडकीशी. मला एकटीला मागे बसवत नाही गं.

तुझीच,
आई