शेजारची खाट

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. फोनवर मी नुसता हं-हं करतो, म्हणून पत्रच लिहीत जा, ही तुझी आज्ञा पाळतो आहे. तिथल्या दप्तरखान्याची धूळ तुला सोसत नाही, ठाऊक आहे मला. तोंडाला रुमाल बांधतेस का? की कोर्टाचा हुकूम हातात आहे म्हणजे धूळसुद्धा घाबरून बाजूला होईल असं तुला वाटतं?

इकडे संस्थेचं बरं चाललं आहे. खालची पिठाची गिरणी सुरू झाली की आपली खोली अजून तशीच थरथरते. मंगळवारच्या बैठकीत कुणाला रडू फुटलं की नेमकी तेव्हाच ती बंद पडते आणि सगळ्यांना हुंदका ऐकू जातो. समुपदेशक बाई म्हणतात, गिरणीवाल्यालाच एकदा आपलं प्रशिक्षण देऊन टाकू. मनाच्या आजारावर गोळ्या घेते म्हणून जिला कामावरून काढलं होतं, ती धुणीभांडीवाली परत कामावर गेली. मालकिणीशी बोलायला आम्ही सहा जण गेलो होतो. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही, पण कामावर घेतलं.

आज लिहायला बसलो ते मात्र घुम्याबद्दल. जूनमध्ये आपण ज्याला सव्वीस वर्षांनी मनोरुग्णांच्या इस्पितळातून घरी पोचवलं, तो. काल त्याच्या आईकडे, आपल्या मावशींकडे, घरभेटीला गेलो होतो. पंचाहत्तरी उलटली तरी त्या अजून शिवणाच्या मशिनवर बसतात. लहानपणी मुलगा तोंडातून शब्द काढत नसे, म्हणून गल्लीनं त्याला घुम्या नाव ठेवलं, आणि आता तो क्षणभर गप्प बसत नाही. मावशी हसत म्हणाल्या, गेला तेव्हा मुका होता, आला तो पोपट होऊन. इस्पितळानं एवढं एक तरी काम केलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तो जुन्या गोष्टी फार रंगवून सांगतो. गळक्या छपराखाली कुठं बादली ठेवायचे, शाळेत जाताना कुठल्या पायरीवर घसरला, सगळं. सांगता सांगता मध्येच थांबतो आणि डावीकडे मान वळवतो. तिथं नुसती भिंत आहे. थोडा वेळ तसाच राहतो, मान हलवतो, आणि पुढचं सांगतो. जणू तिथून कुणी त्याची चूक दुरुस्त करून दिली. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो, पण मला सारखं वाटत होतं की चौथं कुणीतरी बसलं आहे. तू हसशील. मी समुपदेशक बाईंना हे सांगितलं नाही, देवाला सांगितलं.

तब्येतीला जप. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
भाऊ


११ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पत्रं वाचताना प्रवचनाला बसल्यासारखं वाटतं, असं लिहून तुला चिडवणार होते. पण ते राहू दे. हे पत्र एकटा असताना वाच.

इथल्या मोठ्या इस्पितळातल्या मृत्यूंची नोंदवही मी उतरवून घेते आहे, हे तुला माहीत आहेच. काल अकरा वर्षांपूर्वीचं पान उघडलं. त्यावर मावशींच्या मुलाचं पूर्ण नाव आहे. वडिलांचं नाव आहे, गल्ली आहे. आईच्या पुढे शिवणकाम लिहिलं आहे. त्याच्या घरी जाण्याच्या कागदांवर जूनमध्ये मीच सही केली होती, म्हणून नाव पाहताक्षणी ओळखलं. पाच दिवसांच्या तापानं गेला. खाट नंबर बारा. नातेवाइकांना कळवलं अशी समोर खूण आहे. पण मी जावक वही काढून पाहिली, तसं कुठलंच पत्र गेलेलं नाही.

मग खाटांची वही मागितली. बारा नंबरच्या उजव्या हाताला अकरा नंबर. त्यावर नऊ वर्षं एकच माणूस होता. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, रस्त्यावरून पोलिसांनी आणलेला. बाराव्या खाटेवरचा गेल्यावर महिन्याभरात तो वॉर्ड तुमच्याकडच्या शाखेत हलवला, तेव्हा निम्मे कागद गहाळ झाले. अकरा नंबरचा माणूस मात्र पोचला.

तू लिहिलंस की तो डावीकडे बघतो. मी तुझं पत्र आणि खाटांचा नकाशा शेजारी ठेवून बराच वेळ बसले होते. शेवटी दप्तरखान्याच्या शिपायानं येऊन विचारलं, बाई, बरं नाही का?

म्हणजे आपण मावशींना त्यांचा मुलगा नेऊन दिला नाही, भाऊ. त्याच्या शेजारचा नेऊन दिला.

मृतांची यादी दहा मार्चला न्यायाधीशांपुढे जाईल. एकशे अडतीस नावं आहेत. प्रत्येक घरी कोर्टाचं पत्र जाणार. त्याआधी मावशींना कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. ते तूच करायचं आहेस.

आशीर्वाद आहेत, आणि काळजीही तितकीच.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती आधी सांगतो. जूनमध्ये इथल्या शाखेतल्या जुन्या परिचारिकेनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या माणसाचे कागद जुळत नाहीत, एकदा फोटो मागवून घ्या. मी तिला उत्तर दिलं की फोटो मागणं हा पोलिसांचा रिवाज. आमच्याकडे माणूस स्वतःबद्दल सांगतो ते आधी खरं मानतात. आपल्या खोलीच्या भिंतीवर तेच तर लिहिलं आहे. सांगताना मला मोठा अभिमान वाटला होता. ती बिचारी आपल्या वॉर्डात निघून गेली.

आणि कुणालाही खरं वाटलंच असतं, ताई. निळं दार, मोडकी दुसरी पायरी, मशिनखाली झोपणारं मांजर, सगळं त्यानं बरोबर सांगितलं. मावशींनी दार उघडलं, त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि त्याचा हात धरून त्याला आत नेलं. मी मागे वळून डोळे पुसले होते.

परवा पुन्हा जाऊन आलो. सांगायला म्हणून गेलो आणि न सांगता आलो. तो मशिनला तेल घालत होता. मावशी त्याला रागावत होत्या की किती ओततोस, मशीन आहे की दिवा? तो हसत होता. मी त्याच्या डाव्या बाजूच्या भिंतीकडे बघत बसलो. आता मला तिथं कोण आहे ते माहीत आहे. तो अकरा वर्षं तिथं उभा आहे आणि त्याच्यासाठी अजून कुणी रडलेलं नाही. घरी आल्यावरही तो माझ्याबरोबर असतो. प्रार्थनेला डोळे मिटले की शेजारी कुणी बसल्यासारखं वाटतं, आणि त्याच्यासाठी काय मागावं ते सुचत नाही.

तरी विचारतो. यादीत एकशे सदतीस नावं गेली तर काय बिघडेल? गेलेल्याला आता घराची गरज नाही. या जिवंत माणसाला आहे. मावशींनी त्याला बाहेर काढलं तर तो पुन्हा त्याच वॉर्डात जाईल. आणि त्यांचं वय बघ. त्यांच्या उरलेल्या चार दिवसांतलं हे सुख मी माझ्या हातानं कसं काढून घेऊ? चूक माझी आहे, तिचं ओझं मी वाहीन. एवढं एक नाव राहू दे.

रागावशील, ठाऊक आहे. रागावलीस तरी दूर करू नकोस.

तुझा,
भाऊ


२० फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद.

नाव काढणार नाही. 

तू तेव्हा चार वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. मी दहा वर्षांची होते. आपल्याला सांगितलं होतं की आई मामाकडे गेली आहे, बरी झाली की येईल. सहा वर्षं मी रोज शाळेतून येताना वळणावर थांबून तिची वाट बघितली. ती पहिल्याच वर्षी अशाच एका खाटेवर गेली होती. सगळ्या मोठ्या माणसांना माहीत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण पोरांचं सुख राखतो आहोत. अजूनही त्या वळणावरून जाताना मी चालता चालता हळू होते. तुझ्या शेजारी येऊन बसतो तसं कुणीतरी माझ्याही शेजारी आहे, भाऊ. मी फक्त त्याबद्दल लिहीत नाही.

मावशींच्या नवऱ्यानं पोराला कुठल्या इस्पितळात टाकलं ते त्यांना मरेपर्यंत सांगितलं नाही. आता त्याच रांगेत तू उभा राहणार का?

मावशी त्याला घराबाहेर काढतील की ठेवतील, ते त्यांना ठरवू दे. त्यांच्या वतीनं आपण ठरवायचं नाही. हे वाक्य तूच सगळ्या नव्या कार्यकर्त्यांना शिकवतोस.

दूर कशाला करीन? वेडा आहेस.

तुझी,
ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल सांगितलं.

तो नळावर पाणी भरायला गेला होता. मावशी एका परकराची दुमड घालत होत्या. मी समोर बसलो आणि तुझ्या पत्रातलं जसंच्या तसं सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्यांची सुई थांबली, पण मान वर आली नाही. मग उठल्या आणि कपाटातून मापांची जुनी वही काढली. सव्वीस वर्षांपूर्वीचं एक पान, घुम्याच्या शेवटच्या सदऱ्याचं. त्यांनी बाहीच्या मापावर बोट ठेवलं. जुलैमध्ये याला सदरा शिवायला घेतला तेव्हा बाही दोन इंचांनी कमी भरली, म्हणाल्या. पोट सुटतं, पाठ वाकते, पण हात आखूड होत नाहीत. पन्नास वर्षं हेच करते आहे, मला कळत नाही होय? पण मनात आलं, शेवटचं माप घेतलं त्या दिवशी डोळ्यांत पाणी होतं, मीच चुकीचं लिहिलं असेल.

तेवढ्यात तो बादली घेऊन आला. आमच्याकडे बघून दारातच थांबला. मावशींनी त्याला बसायला सांगितलं आणि विचारलं की माझ्या घुम्याजवळ शेवटी कोण होतं? त्यानं डावीकडे पाहिलं नाही. मी होतो, म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. दिवसा घुम्या कुणाशी बोलत नसे. दिवे मालवले की शेजारच्या खाटेकडे वळून घराबद्दल सांगायचा. दारापासून सुरू करून परसदारापर्यंत, रोज एकेक वस्तू. या माणसाला स्वतःचं काहीच आठवत नव्हतं, म्हणून तो ऐकत राहिला. काही चुकलं तर घुम्या दुरुस्त करायचा आणि पुन्हा म्हणून घ्यायचा. तापात असताना त्यानं वचन घेतलं की दोघांपैकी जो सुटेल त्यानं घरी जायचं. घर दोघांत मिळून एकच होतं, मावशी, असं तो म्हणाला. मला फसवायचं नव्हतं. इतकी वर्षं सांगता सांगता कुठलं त्याचं आणि कुठलं माझं ते मला कळेनासं झालं.

मावशींनी आम्हा दोघांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. आतून मशिनचा आवाज यायला लागला. टाके घालताना येतो तसा थांबत थांबत नाही, नुसताच रिकामा, एकसारखा. तासभर असेल. गल्लीतली माणसं थांबून बघून जात होती. त्यानं मला हळूच विचारलं, परत वॉर्डात जायचं तर सदरा काढून द्यावा लागेल का? सव्वीस वर्षं मावशी ज्या पायऱ्यांकडे डोळे लावून होत्या त्यांवर मी एका बाजूला होतो, तो दुसऱ्या बाजूला, आणि आमच्यामध्ये एका माणसाची जागा सुटली होती. आम्ही दोघांनीही तशी ठरवून सोडली नव्हती.

आवाज थांबला. मावशींनी दार उघडलं. रडून चेहरा सुजला होता, पण आवाज नेहमीसारखाच. मला म्हणाल्या, कोर्टाचं पत्र येऊ दे, माझ्या हातात येऊ दे. त्याला कुठं पुरलं की जाळलं ते तुमच्या ताईंना शोधायला सांगा, मला तिथं एकदा बसायचं आहे. मग आवाज चढला. म्हणाल्या, आणि याचं काय? यालाही कुणीतरी जन्म दिला असेल ना? ती अशीच दाराकडे बघत बसली असेल, आणि तिचा पोरगा नऊ महिने माझ्याकडे जेवतो आहे. तुम्ही एवढे शिकले-सवरलेले, दुसऱ्या आईचा विचार तुमच्या डोक्यात आला नाही? खरंच आला नव्हता, ताई. तुलाही नाही. आपण दोघं सगळा वेळ एकाच आईची काळजी करत होतो.

त्याला त्यांनी आत बोलावलं आणि भिंतीशी उभं केलं. टेप काढून छाती, खांदा, बाही, सगळी मापं नव्यानं घेतली. तो लहान मुलासारखा हात पसरून उभा होता. त्यांनी वहीचं कोरं पान उघडून सगळे आकडे नीट उतरवले, फक्त वरची नावाची ओळ मोकळी सोडली. मग वही माझ्यापुढे धरून म्हणाल्या, नाव तुम्ही शोधून आणायचं. ते येईपर्यंत हा माझ्याकडे राहील, ठेव म्हणून.

पोलिसांनी त्याला कुठल्या रस्त्यावरून उचललं तेवढं त्या खाटांच्या वहीत सापडतं का, बघ. बाकी मी उद्या निघतो आणि त्या रस्त्यावरची दारं वाजवत सुटतो. 

अंतर देऊ नकोस.

तुझा,
भाऊ